घराचे पाय कोण पाहणार?

१९९३ साली अनंत चतुर्दशीला गणरायाला निरोप देऊन लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील खेडी झोपी गेली, आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी, सास्तूरसारखी गावे ढिगारे होऊन उरली. सात हजारांहून अधिक माणसे प्राणास मुकली. भूकंप ६.२ च्या आसपासचा, म्हणजे जगाच्या मानाने मध्यमच होता. मग एवढा संहार का व्हावा?

याचे उत्तर घरांच्या रचनेत आहे. भिंती हातभर किंवा त्याहूनही जाड होत्या. परंतु त्या एकजीव नव्हत्या. आतबाहेर दगडांचे दोन थर, मध्ये खड्यांची भर आणि सांध्यांत चिखल. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड क्वचितच घातलेले. वर उन्हाळ्यात गारवा देणारे मातीचे जड माळवद. भूकंपाचा मारा इमारतीच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो. धक्का बसताच भिंतींचे थर फाकले आणि माळवद निजलेल्यांवर कोसळले.

हा दोष दगडमातीचा, आमचे घर काँक्रीटचे, असे म्हणून शहरवासीयाने निश्चिंत होऊ नये. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला. केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती जमीनदोस्त झाल्या. त्यांतील बहुतेकांचा तळमजला वाहनांसाठी मोकळा सोडलेला होता. वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती खांबांना आवळून धरतात. खाली मात्र भिंतीच नसल्याने सारे हेलकावे उघड्या खांबांवर येतात. किल्लारीचीच चूक येथे नव्या वेशात अवतरली होती: डोक्यावर भार आणि पायांत दुर्बलता.

यावर उपाय नाहीत असे मुळीच नाही. दगडी घरात आरपार दगड आणि जोते, दारे-खिडक्यांचा माथा व छत या पातळ्यांवर घरभर फिरणारे पट्टे घालता येतात. मोकळ्या तळमजल्याचे खांब व तुळया अडीचपट बळाला पुरतील अशा आखाव्यात, असे २००२ च्या भारतीय मानकानेच सांगितले होते. तळापासून वरपर्यंत काँक्रीटच्या भिंती नेणे हाही मार्ग आहे. खांबांतील उभ्या गजांना जवळजवळ कड्या घालून त्यांची टोके आत वळविण्यास तर खर्च नाममात्रच येतो.

प्रश्न आहे तो दक्षतेचा. इमारतीचा नकाशा मंजूर करताना क्षेत्रफळ जितक्या काटेकोरपणे मोजले जाते, तितक्याच काटेकोरपणे खांबांचे गणितही त्रयस्थ अभियंत्याकडून तपासून घेणे सक्तीचे असावे. ग्राहकानेही फरशीच्या रंगाआधी खांबांची चौकशी करावी. आपला भाग सुरक्षित पट्ट्यात येतो, हे समाधान पुरेसे नाही. १९९३ साली किल्लारीही भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यातच होती.