लाकडी तुळईचा हिशेब संगणकावर

कापड व्यापाऱ्याचा पैसा गल्ल्यात थोडा आणि गोदामात जास्त असतो. त्या मालावरचे छप्पर मात्र आपण आजही अंदाजावर सोडतो. माझ्या गोदामाच्या सागवानी तुळया बदलण्याची वेळ आली तेव्हा इंजिनिअरने त्यांचा हिशेब संगणकावर काढला. त्यातून जे समजले ते व्यापारी बांधवांच्या उपयोगी पडेल म्हणून मांडतो.

सॉफ्टवेअरला छप्पर म्हणजे रेषांचा सांगाडा. प्रत्येक तुळई एक रेष, टोकाला आधाराचे बिंदू. मग लाकडाची जात, तुळईचे माप आणि वर येणारे वजन भरायचे. मंगलोरी कौले रीपांसह चौरस मीटरला सुमारे 65 किलो भरतात. त्यात लाकडाचे स्वतःचे वजन, कौले फिरवायला चढणारा माणूस आणि वारा. या भारांचे भारतीय मानक 875 क्रमांकाचे, लाकडी बांधकामाचे 883. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये परदेशी नियम भरलेले असतात. म्हणून तपासणी कोणत्या मानकाने केली, हे विचारून घ्यावे.

माझा गाळा 12 फुटांचा, तुळया पाच-पाच फुटांवर, माप 4 बाय 8 इंच. पहिल्या कागदावर तुळईचा वाक जवळजवळ एक इंच निघाला. कौलांखालच्या तुळईला मानक लांबीच्या 360 व्या भागापर्यंतच वाक देते, म्हणजे 12 फुटांना जेमतेम तीन सूत. "शेठ, लाकूड वाढवावे लागेल," इंजिनिअर म्हणाला. सागवानाचा भाव आपणांस ठाऊक आहेच! शेजारी उभ्या सुताराने फक्त एवढेच विचारले, "साहेब, आठ इंच उभे धरले की आडवे?"

आडवेच धरले होते. सॉफ्टवेअरमध्ये तुळई कोणत्या अंगावर आहे हे वेगळे सांगावे लागते, ते राहून गेले होते. उभी करताच वाक दोन सुतांवर आला. लाकूड तेच, पैसे तेच. याचे कारण साधे आहे. तुळईची रुंदी दुप्पट केली तर ताकद दुप्पट होते. पण उंची दुप्पट केली तर ताकद चौपट आणि वाक आठवा हिस्सा. आडवी तुळई मोडली नसती कदाचित, पण कौले सरकली असती आणि पहिल्याच पावसात पाणी थानांवर आले असते. भिजलेला माल कोण घेतो?

दुसरी जागा सांध्याची. पुष्कळ सॉफ्टवेअर, वेगळे न सांगितल्यास, सांधा पक्का जखडलेला धरतात. भिंतीवर नुसती टेकलेली किंवा खिळ्यांनी जोडलेली तुळई टोकाशी थोडी फिरतेच. दोन्ही टोके जखडलेली धरली तर कागदावरचा वाक एक पंचमांश दिसतो आणि मालक खूश होतो. हा प्रश्न आपण जरूर विचारावा. इंजिनिअरला राग येण्याचे कारण नाही.

माझ्या जुन्या तुळयांपैकी दोन मधोमध ठणठणीत होत्या; भिंतीत शिरलेली टोके मात्र वाळवीने खाल्ली होती. संगणकाला हे कुठून कळणार? नव्या तुळयांच्या टोकांना औषध लावले, खाली दगड बसवला आणि हवेसाठी भोवती बोटभर जागा सोडली. ही सूचना सुताराची.