मूठ मिटून आत, हात उघडून बाहेर

पिशवी मरून मखमलीची आहे, तोंडाशी नाडी. बैठक संपत आली की ती टेबलाच्या एका टोकाकडून फिरायला लागते. प्रत्येक जण मिटलेली मूठ आत घालतो आणि हात उघडून बाहेर काढतो. पाचशेची नोट टाकणाराही तसंच करतो आणि त्या आठवड्यात खिसा रिकामा असलेलाही. शेजारचा तेवढ्यापुरता कॅलेंडरकडे बघतो. नाणी टाकू नयेत असा नियम कुठे लिहिलेला नाही. पण नाणं वाजतं, म्हणून कुणी टाकत नाही. शेवटी खजिनदार पैसे मोजतात, एकूण रक्कम वाचून दाखवतात आणि वहीत तेवढीच चढते. दान गुपचूप करा असं बजावणारा मत्तयच्या शुभवर्तमानातला सहावा अध्याय इथे थेट शिवणकामात उतरलाय.

वसईतल्या एका धर्मग्रामातली ही सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीची शाखा. सभासद तिला ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. रविवारची पहिली मिस्सा आटोपली की चर्चमागच्या खोलीत दहा-बारा जण जमतात. प्रार्थना, थोडं वाचन, मागच्या बैठकीचं इतिवृत्त आणि मग खरं काम: कुणाच्या घरी कोण गेलं होतं, काय दिसलं. फादर कधी येतात, कधी नाही. त्यांच्यावाचून अडत नाही, कारण संस्था मुळातच प्रापंचिकांची आहे. 1833 साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं ती मित्रांबरोबर सुरू केली. विद्यार्थ्यांच्या वादसभेत कुणीतरी त्याला डिवचलं होतं, की तुमच्या चर्चनं पूर्वी पुष्कळ केलं असेल, आज तुम्ही गरिबांसाठी काय करता? वादात जिंकण्यासारखा हा प्रश्न नव्हता. ओझानाम आणि त्याचे मित्र सिस्टर रोझाली रँड्यू यांच्याकडे गेले. मूफतारच्या गरीब वस्तीत त्या वर्षानुवर्षं राबत होत्या. कुणाच्या घरी जायचं आणि तिथं कसं वागायचं, हे या पोरांना त्यांनी शिकवलं. 1997 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ओझानामला ‘धन्य’ घोषित केलं. संस्थेची मूळ रीत मात्र तीच राहिली: मदत पोचवायची ती घरी जाऊन, आणि शक्यतो जोडीनं.

अशाच एका जोडीबरोबर मी गेलो. एक निवृत्त शिक्षिका, दुसरा कुरिअर कंपनीतला तरुण. अट एकच होती, घरचं नाव-गाव लिहायचं नाही. चाळीतली खोली, नवऱ्याचं डायलिसिस चालू, भिंतीवर साईबाबांचा फोटो. धर्म कुणी विचारला नाही. तांदूळ, तूरडाळ, गोडेतेल, साखर, चहापत्ती असलेली पिशवी तरुणानं गॅलरीत हातात न देता आत नेऊन ओट्याखाली सरकवली. शेजारणी दारात उभ्या होत्या. बाई खाली बसल्या तशा शिक्षिकाही खालीच बसल्या.

“मावशी, पोरीचा गणिताचा पेपर कसा गेला?”

“बरा गेला म्हणते, टीचर. रात्रभर जागली.”

गप्पा बराच वेळ पोरीवरच चालल्या. औषधांच्या बिलाचा विषय अगदी उठताना निघाला. ते बिल कॉन्फरन्स परस्पर केमिस्टकडे भरणार होती. रोख रक्कम सहसा कुणाच्या हातात देत नाहीत.

इथं मला एक गोष्ट खटकते. देणाऱ्यासाठी मखमलीची पिशवी आहे, घेणाऱ्याला तसा आडोसा कुठे आहे? त्याची मिळकत, भाडं, कर्ज, नवऱ्याचं व्यसन, सगळं विचारून वहीत जातं. वही कुलपात असते हे खरं, पण सांगावं तर लागतंच. परतताना शिक्षिकांना हे बोललो. त्यांनी वाद घातला नाही. चौकशी न करता दिलं तर पुढच्या घरापर्यंत पैसे पुरत नाहीत, म्हणाल्या, आणि चौकशी केली की आपलीच जीभ जड होते. म्हणून पहिल्या भेटीत त्या वही काढत नाहीत. घरी येऊन आठवेल तेवढं लिहितात.

पुढच्या बैठकीत वाजलं ते दुसऱ्याच घरावरून. तिथला नवरा दिलेला शिधा विकून दारू पितो, असं कळलं होतं. एका ज्येष्ठ सभासदांचं मत, मदत बंद करा. चर्चच्या दारातल्या पेटीत लोक पोटाला चिमटा घेऊन पैसे टाकतात, असं त्यांचं म्हणणं. तरुण म्हणाला, “अंकल, पण उपाशी पोरं राहणार.” आवाज चढले. खजिनदारांनी दोनदा घड्याळ पाहिलं. तासाभरानं ठरलं ते असं: शिधा महिन्याचा एकदम न देता आठवड्याचा द्यायचा, तोही बाई कामावर जाते त्या सोसायटीच्या गेटवर, तिच्याच हातात. शाळेची फी थेट शाळेत. अंकलना हे पटलं नव्हतं. आपला विरोध इतिवृत्तात नोंदवा, असं त्यांनी बजावलं. मग गेटवर दर शनिवारी कोण जाणार, असा प्रश्न निघाला, तेव्हा त्यांनीच आपलं नाव दिलं. स्कूटर त्यांच्याकडेच होती.