खोलीतील निनाद

सामानसुमान हलविलेल्या रिकाम्या खोलीत पाऊल टाकताच एक फरक जाणवतो. नेहमीचेच शब्द तेथे मोठे व घुमल्यासारखे ऐकू येतात. त्याच खोलीत गाद्या, पडदे आणि पुस्तकांची कपाटे आली, की हे घुमणे पुष्कळ कमी होते. भिंती त्याच, बोलणारा माणूसही तोच. मग आवाजात हा पालट कशामुळे होतो?

ध्वनी हवेतून दर सेकंदास सुमारे ३४० मीटर वेगाने जातो. चार मीटर लांबीच्या खोलीत तो समोरासमोरच्या दोन भिंतींवर एका सेकंदात सुमारे ८५ वेळा आदळू शकतो. गिलावा केलेली कठीण भिंत प्रत्येक वेळी त्याचा फारच थोडा अंश शोषून घेते व बाकीचा परत पाठवते. त्यामुळे मूळ आवाज थांबल्यावरही खोलीत काही वेळ नाद रेंगाळत राहतो. यास निनाद म्हणतात. प्रतिध्वनी मूळ आवाजापासून वेगळा ऐकू येतो. निनाद मात्र त्यातच मिसळून जातो. एक अक्षर विरण्यापूर्वीच दुसरे त्यावर येऊन पडते.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठास या निनादाने मोठ्या पेचात टाकले होते. तेथे १८९५ साली फॉग कला-संग्रहालयाची नवी इमारत उघडली. तिच्यातील व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद ऐकू येत राही. तेवढ्या अवधीत सावकाश बोलणारा वक्ताही पुढची बारा-पंधरा अक्षरे बोलून जाई. श्रोत्यांना काही उमगेना. व्याख्यानगृह निरुपयोगी ठरले. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी हा दोष दूर करण्याचे काम वॉलेस सबाइन या पदार्थविज्ञानाच्या तरुण अध्यापकाकडे सोपविले.

सबाइन रात्री, शहर निजल्यावर, प्रयोग करीत. सँडर्स नाट्यगृहातील बैठकींच्या गाद्या ते व्याख्यानगृहात आणून मांडीत. मग ऑर्गनची एक नळी वाजवून बंद करावयाची आणि नाद ऐकू येईनासा होईपर्यंतचा काळ यंत्राने मोजावयाचा, असा त्यांचा क्रम असे. गाद्या वाढत गेल्या तसतसा निनाद घटत गेला. सर्व गाद्या मांडल्यावर तो एका सेकंदाहून थोडाच अधिक उरला. या मोजमापांतून एक नियम हाती आला. खोलीचे घनफळ जितके अधिक, तितका निनाद दीर्घ. आणि खोलीतील वस्तूंचे शोषण जितके अधिक, तितका तो अल्प. पुढे भिंतींवर केसांच्या नमद्याची आवरणे बसविल्यावर ते व्याख्यानगृह वापरण्याजोगे झाले. १९०० साली उघडलेल्या बॉस्टन येथील सिंफनी हॉल या संगीतगृहाच्या रचनेत तर हा नियम बांधण्यापूर्वीच उपयोगात आणला गेला.

घरी संगीत ऐकण्याच्या खोलीसही हाच नियम लागू पडतो. लोकर, नमदा, जाड सुती कापड यांत असंख्य सूक्ष्म पोकळ्या असतात. ध्वनीमुळे हलणारी हवा त्यांत शिरते, तंतूंशी घासते आणि ध्वनीच्या शक्तीचे अत्यल्प उष्णतेत रूपांतर होते. गुळगुळीत कागद किंवा तेलरंग यांत अशा पोकळ्या नसतात. म्हणून त्यांनी भिंत शोभिवंत झाली, तरी निनाद कमी होत नाही.

पडदा भिंतीस अगदी चिकटवून लावू नये. भिंतीलगत हवेची हालचाल फारच थोडी असते. थोडे अंतर सोडून, भरपूर चुण्या घालून टांगलेला जाड पडदा अधिक ध्वनी शोषतो.

आवरण कोठे लावावे, हे ठरविण्याची एक सोपी युक्ती आहे. एकाने ऐकण्याच्या जागी बसावे आणि दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा हळूहळू सरकवीत न्यावा. बसलेल्यास आरशात ध्वनिवर्धक जेथे दिसेल, तेथूनच त्याचा आवाज परावर्तित होऊन कानाशी येतो. कारण अशा भिंतीवरून प्रकाशाप्रमाणे ध्वनीही ज्या कोनाने येतो, त्याच कोनाने परत जातो. पहिले आवरण त्या जागी लावावे.

तथापि, सर्वच भिंती झाकून टाकणे हिताचे नव्हे. पातळ कापड सतारीच्या तारेसारखे उंच स्वर शोषते. तबल्याच्या डग्ग्याचे खर्जातील नाद त्यास फारसे दाद देत नाहीत. त्यामुळे अतिरेक केल्यास गाण्यातील तेज हरपते आणि नुसती घुम मागे उरते. शिवाय, अशा आवरणाने खोलीतील निनाद घटतो, परंतु शेजारच्या घरी जाणारा आवाज थांबत नाही; त्यास जड भिंत आणि फटी नसलेले दार लागते.

म्हणून प्रथम मोजकेच आवरण लावावे, एक टाळी वाजवून तिचा नाद कसा विरतो ते ऐकावे, आणि मगच पुढचे लावावे. शब्द स्पष्ट कळू लागले आणि स्वरांचा गोडवाही कायम राहिला, म्हणजे खोली योग्य रीतीने सजली असे समजावे.