गावाचं नाव बदललं... सर्व्हरला कोण सांगणार?

नाव बदलणं म्हणजे काय, हे धाराशिवकरांना वेगळं सांगायला नको! २४ फेब्रुवारी २०२३ ला केंद्र सरकारने मंजुरी दिली आणि उस्मानाबाद शहराचं धाराशिव झालं. सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याचंही नाव बदललं. पाट्या रंगल्या, शिक्के नवे आले, लेटरहेड बदलली. पण एक पाटी रंगाच्या डब्याने बदलत नाही, ती म्हणजे वेबसाइटचा पत्ता.

आणि इथेच पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या पोरापोरींचा नंबर लागतो. गावाकडून काकांचा फोन येतो, ‘अरे, तू कॉम्प्युटरमधलाच ना? मग आपल्या साइटचं नाव तेवढं बदलून दे की!’ काकांना वाटतं पाच मिनिटांचं काम. तुम्हालाही तसंच वाटत असेल, तर जरा थांबा.

समजा, तुळजापुरात काकांचं लॉज आहे. नवरात्रात खोली हवी म्हणून एखादं कुटुंब मागच्या वर्षी सेव्ह केलेली लिंक उघडतं, आणि समोर काय? ‘पेज सापडलं नाही’! ते कुटुंब काकांना फोन करून विचारत बसणार नाही, सरळ पुढच्या लॉजचं बुकिंग करेल. म्हणजे नवं नाव लावणं हे अर्धंच काम. जुन्या दारात आलेल्या पाहुण्याला नव्या दारापर्यंत पोचवणं हे उरलेलं अर्धं!

रेल्वेलाही हे चुकलं नाही. जून २०२५ मध्ये उस्मानाबाद स्टेशन धाराशिव झालं, तेव्हा स्टेशनचा कोडही ‘यूएमडी’चा ‘डीआरएसव्ही’ झाला. त्यासाठी रात्री, गर्दी नसताना, आरक्षणाची यंत्रणा काही वेळ बंद ठेवली होती. एवढी मोठी यंत्रणा वेळ ठरवून, तयारीनिशी नाव बदलते. मग आपण भरदुपारी, चालू साइटवर प्रयोग का करायचे?

आधी घरच्या घरी तालीम

नाटकाची जशी तालीम, तशी साइटची ‘लोकल’ मांडणी. कोड लिहिणं हा माझा धंदा नाही, तरी एका रविवारी मी हे सगळं माझ्या लॅपटॉपवर करून पाहिलं. जमतं!

त्यासाठी ‘झॅम्प’ हे फुकट पॅकेज पुरतं. त्यात अपाचे हा वेब सर्व्हर, डेटाबेस आणि पीएचपी एकत्र येतात. मग विंडोजची ‘होस्ट्स’ नावाची फाइल नोटपॅडमध्ये उघडायची, तीही अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून, नाहीतर सेव्हच होत नाही. त्यात १२७.०.०.१ हा आकडा आणि त्यापुढे ‘लॉज डॉट टेस्ट’ असं नाव लिहायचं (टाइप अर्थात इंग्रजीतच!). हा आकडा म्हणजे ‘माझंच मशीन’. आता ते नाव ब्राउझरमध्ये टाकलं, की तुमचा लॅपटॉपच उत्तर देतो.

शेवटी ‘डॉट टेस्ट’च का? कारण हे नाव १९९९ पासून खास चाचणीसाठी राखून ठेवलंय, ते बाहेर कुणालाच विकत मिळत नाही. पूर्वी बरेच जण ‘डॉट देव’ वापरायचे. पण २०१७ च्या अखेरीस क्रोमने त्या नावांना सुरक्षित जोडणीची सक्ती केली आणि कित्येकांच्या घरच्या साइट्स अचानक उघडेनाशा झाल्या.

यानंतर अपाचेला ‘व्हर्च्युअल होस्ट’ सांगायचा, म्हणजे या नावाने कुणी आलं, तर या फोल्डरमधली साइट दाखव. एक गोची लक्षात ठेवा. अनोळखी नावाने कुणी आलं, तर अपाचे यादीतला पहिला होस्ट दाखवतो. त्यामुळे ‘लोकलहोस्ट’साठी वेगळी नोंद सगळ्यात वर करा.

जुन्या दारावरची चिठ्ठी

आता खरा फंडा, रिडायरेक्ट! जुन्या पत्त्यावर आलेल्याला सर्व्हर दोन प्रकारे पुढे पाठवतो. ३०१ म्हणजे ‘कायमचे हललो’, ३०२ म्हणजे ‘सध्या तिकडे आहोत’. ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतो. त्यात गडबड झाली, तर नंतर दुरुस्त करूनही काही लोकांना चुकीचंच दार दिसत राहतं. म्हणून तालीम ३०२ वर करा आणि सगळं बरोबर चाललं की मगच ३०१ लावा.

आणखी एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट. अपाचेच्या रिडायरेक्टच्या ओळीत जुनी बाजू नुसती तिरकी रेघ असेल, तर नव्या पत्त्याच्या शेवटीही तिरकी रेघ हवीच. ती राहिली, तर आतल्या पानाचं नाव थेट डोमेनला चिकटतं आणि पाहुणा अस्तित्वातच नसलेल्या पत्त्यावर जातो.

घरी चाललं, तिथे का नाही?

हा प्रश्न हमखास पडतो. घरी विंडोज असतं, सर्व्हरवर बहुधा लिनक्स. फोटोच्या नावातलं लहान-मोठं अक्षर विंडोज चालवून घेतं, लिनक्स मुळीच नाही. फोटो गायब होतात ते यामुळे. दुसरं म्हणजे मराठी मजकुराऐवजी प्रश्नचिन्हांची रांग! डेटाबेसची जुनी मांडणी देवनागरी ओळखत नाही, म्हणून तो ‘यूटीएफ-८’च्या ‘एमबी-४’ प्रकारावर हवा. मात्र आधीच प्रश्नचिन्हं होऊन साठलेला मजकूर परत येत नाही, तो बॅकअपमधूनच आणावा लागतो.

रंगीत तालीमही करता येते. होस्ट्स फाइलमध्ये नव्या नावापुढे खऱ्या सर्व्हरचा आकडा टाका. नवी साइट फक्त तुमच्याच लॅपटॉपवर दिसेल, जगाला नाही. काम झालं की ती ओळख पुसा... म्हणजे ती ओळ काढून टाका!

जुनं नाव सोडू नका

नवं डोमेन मिळालं, म्हणून जुन्याचं नूतनीकरण थांबवू नका. ते सुटलं, की कुणीही विकत घेईल आणि तुमच्या ओळखीवर आपलं दुकान थाटेल. जुन्या नावाचं सुरक्षा प्रमाणपत्रही चालू हवं, नाहीतर चिठ्ठी वाचण्याआधीच ब्राउझर पाहुण्याला घाबरवतो. गुगलच्या सल्ल्यानुसार रिडायरेक्ट किमान एक वर्ष ठेवावा. मी म्हणेन, परवडतंय तोवर ठेवा. उस्मानाबादी शेळीचंच बघा ना. जिल्ह्याचं नाव बदललं, पण शेळीची जात त्याच नावाने ओळखली जाते आणि पशुपालक तेच नाव टाकून शोधतात. शेळ्या विकणाऱ्याच्या साइटवर दोन्ही नावं हवीतच.

काकांना अस्सल मराठी पत्ता हवा असेल, तर २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ही मिळतं. फक्त सर्व्हरच्या फाइलमध्ये ते इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक रूपात लिहावं लागतं, तेवढं सांभाळा.

तर मंडळी, पुढचा फोन आला की ‘पाच मिनिटांत करतो’ म्हणू नका. ‘काका, एक वीकेंड द्या’ म्हणा. नवरात्राच्या आत मात्र संपवा!