ब्राउझर-सत्रांचे व्यवस्थापन आणि साधन-वर्णनाची भाषा

आज्ञावली लिहिणारा मनुष्य एखादे नवे साधन हाती घेण्यापूर्वी त्याची माहितीपुस्तिका चाळतो, शंका आल्यास मूळ आज्ञावली उघडून पाहतो, आणि तरीही उलगडा न झाल्यास शेजारच्या सहकाऱ्यास विचारतो. भाषा-प्रारूपाच्या आधारे काम करणाऱ्या एजंटास यांपैकी एकही मार्ग सहसा मोकळा नसतो. साधनासोबत जोडलेले चार-दोन वाक्यांचे वर्णन, एवढीच त्याची शिदोरी. ते वर्णन संदिग्ध असेल तर एजंट थांबत नाही. तो तर्क करतो आणि त्या तर्कावर कृतीही करून मोकळा होतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' हा संकेत प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक साधनाच्या नोंदीत प्रामुख्याने तीन गोष्टी असतात : नाव, वर्णन आणि साधनास पुरवावयाच्या माहितीचा साचा. साचा हा केवळ आकार सांगतो; कोठे संख्या हवी, कोठे अक्षरे हवीत, एवढेच त्यावरून कळते. साधन केव्हा वापरावे, केव्हा वापरू नये आणि वापरल्यानंतर काय शिल्लक राहते, हे सांगण्याचा सर्व भार वर्णनावर पडतो.

ब्राउझरच्या बाबतीत हा भार विशेष जड होतो. वेबवरील देवघेवीचा मूळ संकेत, म्हणजे एचटीटीपी, हा स्वभावतः विस्मरणशील आहे. एका विनंतीचा दुसरीशी संबंध तो स्वतः ठेवीत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी 'कुकी' योजिली, आणि तेव्हापासून वापरकर्त्याची ओळख, त्याचे लॉगिन, त्याने निवडलेल्या वस्तू हे सारे ब्राउझरच्या पोटात साठू लागले. हा साठा पृष्ठावर दिसत नाही. पृष्ठाचे चित्र किंवा त्यातील मजकूर एजंटास दाखविला तरी आपण कोणत्या सत्रात आहोत आणि ते सत्र कशावर टिकून आहे, हे त्यावरून उमगेलच असे नाही.

वेबड्रायव्हर या मानकातील एक उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. ब्राउझर दुरून चालविण्यासाठी सिद्ध केलेल्या या मानकास वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २०१८ मध्ये शिफारस म्हणून मान्यता दिली. त्यात 'खिडकी बंद करा' आणि 'सत्र संपवा' अशा दोन स्वतंत्र आज्ञा आहेत. (येथे खिडकी म्हणजे टॅबसुद्धा.) वरवर पाहता पहिली आज्ञा सौम्य व दुसरी निर्वाणीची. परंतु बंद केलेली खिडकी शेवटचीच असेल, तर पहिली आज्ञाही सत्राचा अंत करते, असे त्याच मानकात नमूद आहे. स्वतंत्र प्रोफाइल नेमून दिलेले नसल्यास सत्रासाठी सामान्यतः तात्पुरते प्रोफाइल निर्माण केले जाते. सत्राबरोबर तेही जाते आणि त्यासोबत लॉगिनही जाते.

आता या साधनाचे वर्णन 'खिडकी बंद करते' एवढेच लिहिले, तर त्यात असत्य काही नाही. पण उपयोगही फारसा नाही. 'दुकान बंद केले' या मराठी वाक्यावरून मालक जेवावयास गेला की त्याने धंदाच आवरला, हे जसे कळत नाही, तसाच हा प्रकार. अर्धा अर्ज भरून झाल्यावर निरुपयोगी वाटणारी एक खिडकी एजंट आवरावयास जातो. ती नेमकी शेवटची असते. वापरकर्त्याने मोबाइलवरील संकेतांक घालून मोठ्या मिनतवारीने मिळविलेला प्रवेश तेथेच संपतो.

त्याऐवजी वर्णन असे लिहिता येईल : 'चालू खिडकी बंद करते. ती शेवटची असल्यास सत्रही संपते. लॉगिन व न पाठविलेले अर्ज नाहीसे होतात. केवळ दुसऱ्या खिडकीकडे जावयाचे असल्यास हे साधन वापरू नये; "खिडकी बदला" हे वापरावे. उघड्या राहिलेल्या खिडक्यांची यादी परत देते.' यातील पहिले वाक्य क्रियेचे आहे आणि तेवढे बहुतेक लेखक लिहितातच. खरे काम उरलेली चार करतात. त्यांतही तिसरे सर्वांत मोलाचे मानावे लागेल, कारण साधनांची निवड करताना चूक होते ती बहुधा शेजारच्या साधनाशी गल्लत झाल्यामुळे.

पृष्ठातील घटकांचे निर्देशही असेच फसवे असतात. एजंटाने एखाद्या बटणाचा निर्देश मिळविला आणि मध्यंतरी पृष्ठ नव्याने मांडले गेले, तर तो निर्देश शिळा होतो. वेबड्रायव्हरमध्ये या दोषास स्वतंत्र नावच आहे. निर्देश कोणत्या घटनेपर्यंत ग्राह्य राहतो हे वर्णनात असावे, आणि दोष उद्भवल्यास येणाऱ्या संदेशात पुढील पाऊलही असावे : 'पृष्ठ बदलले आहे, घटक पुन्हा शोधावा.' नुसता दोषाचा क्रमांक परत आला, तर एजंट तीच शिळी कळ पुनःपुन्हा दाबीत बसण्याचा संभव असतो.

तथापि वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. 'संमतीविना पैसे पाठवू नयेत' हे वाक्य लिहून भागत नाही. तो अडसर आज्ञावलीतच घालावा लागतो. वरील प्रोटोकॉलच्या २०२५ मधील आवृत्तीत साधन विनाशक आहे किंवा केवळ वाचणारे आहे, हे सुचविणाऱ्या खुणांची सोय झाली. परंतु विश्वासू स्रोताकडून न आलेल्या अशा खुणांवर विसंबू नये, असेही तेथेच बजावले आहे. ते योग्यच होय. वर्णन लिहिणाराच लबाड असेल, तर त्याची भाषा जितकी स्वच्छ तितकी ती अधिक घातक.

विस्ताराचाही विचार करावा लागतो. वर्णने सामान्यतः प्रत्येक संभाषणात प्रारूपापुढे ठेवली जातात; चाळीस साधनांची पाल्हाळिक वर्णने मूळ कामासाठी असलेली जागाच खातात. कोणते वाक्य ठेवावे व कोणते गाळावे, याचा निर्णय प्रयोगानेच होतो. तेच काम जुन्या व नव्या वर्णनांनिशी अनेकदा करवून घ्यावे आणि एजंटाने कोणते साधन कोणत्या क्षणी उचलले, याची नोंदवही ओळीने वाचावी. ज्या ठिकाणी त्याने खिडकी बदलण्याऐवजी बंद केली, त्या ठिकाणी वर्णनातले कोणते वाक्य अपुरे पडले, हे बहुधा तेथेच दिसून येते.