परभाषेच्या गुरूचा धडा

म्हैसूरच्या विजयनगर वसाहतीपासून जवळच मानसगंगोत्री हे विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार आहे. त्याला हे नाव दिले कन्नड महाकवी कुवेंपु यांनी. परंतु या महाकवीचे पहिले पुस्तक कन्नड नव्हते; १९२२ साली निघालेल्या त्या चिमुकल्या संग्रहातील कविता इंग्रजी होत्या.

१९२४ साली हा तरुण विद्यार्थी आपल्या इंग्रजी कविता घेऊन जेम्स कझिन्स यांना भेटला. कझिन्स हे बेलफास्टचे कवी. आयर्लंडच्या साहित्य-पुनरुज्जीवनात भाग घेऊन ते १९१५ साली भारतात आले आणि पुढे मदनपल्लीच्या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. मायभूमीच्या मातीतून काव्य कसे उगवते, हे त्यांनी स्वदेशी प्रत्यक्ष पाहिले होते. त्यांनी कविता वाचल्या आणि सांगितले, की आपल्या मातृभाषेत लिहावे.

शिष्याने ते मानले. पुढे ‘श्रीरामायण दर्शनम्’ या महाकाव्याने कन्नडला पहिले ज्ञानपीठ पारितोषिक मिळवून दिले.

परदेशी शिक्षक सोबत ग्रंथ आणतो, व्याकरण आणतो. पण त्याची खरी शिदोरी म्हणजे त्याचा अनुभव. परभाषा शिकवून जो विद्यार्थ्याला स्वभाषेच्या दाराशी आणून सोडतो, त्याचे अध्यापन सार्थकी लागले असेच म्हणावे लागेल.