मोटारीचे धुरकट दिवे घरीं साफ करण्याची रीत

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला म्हणजे रात्रीं रस्त्यावर भरलेल्या ट्रॉल्या व बैलगाड्या यांची रीघ लागते. त्यांपैकीं कित्येकांस मागें दिवा तर नसतोच, पण चमकणारी तांबडी पट्टीही नसते. अशा वेळीं मागून येणाऱ्यास स्वतःच्या दिव्यांचाच काय तो आधार. आणि आपल्याकडील जुन्या मोटारींचे दिवे पाहावे तों मोतीबिंदु झालेल्या डोळ्यांसारखे पांढुरके! पुष्कळ लोक यावर अधिक उजेडाचा बल्ब बसवितात. परंतु दोष बल्बाचा नसून वरील आच्छादनाचा असल्यामुळें तो उजेड तेथेंच विखुरतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे मात्र दिपवितो. अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशननें २०१८ सालीं केलेल्या चांचणींत असे जुने दिवे नव्यांच्या मानानें सुमारें २२ टक्केच प्रकाश देतात असें आढळलें. साफ केल्यावर तो सुमारें ७० टक्क्यांवर आला.

पूर्वीं दिव्यांस खरी कांच असे. हल्लीं तेथें पॉलिकार्बोनेट नांवाचें प्लास्टिक असतें. तें खडा लागून सहसा फुटत नाहीं, परंतु मऊ असून उन्हांतील अतिनील किरणांनीं पिवळें पडतें. म्हणून कारखान्यांतच त्यावर पातळ, कठीण लेप चढविलेला असतो. हा लेप झिजला कीं दिवा धुरकट झालाच म्हणून समजावें.

प्रथम दिव्यावर पाणी टाकून पाहावें. ओला असतां तो स्वच्छ दिसला तर दोष बाहेरचा आहे. आंतल्या बाजूस दंव धरत असेल तर घांसून उपयोग नाहीं.

मोटार सावलींत उभी करून दिवे साबणानें धुवावे व भोंवतालच्या रंगावर कागदी चिकटपट्टी लावावी. नंतर पाण्यांत भिजणारा पॉलिश पेपर १०००, १५००, २००० व ३००० नंबरांचा, याच क्रमानें घ्यावा. एक नंबर आडवा घांसला तर पुढील उभा घांसावा, म्हणजे मागील चरे गेले कीं नाहींत तें कळतें. पाण्याची धार सतत असावी. आरंभीं वाहणारें पाणी पिवळट असतें. तें पांढरें येऊं लागेपर्यंत पहिला नंबर सोडूं नये. येथें घाई करणाराचें सर्व पुढील काम फुकट जातें. या वेळीं दिवा पूर्वींपेक्षांही पांढरा दिसेल, त्यानें घाबरूं नये. शेवटीं मऊ कापडानें रबिंग कंपाउंड चोळलें म्हणजे तो पारदर्शक होतो.

बहुतेक लोक येथेंच थांबतात. टूथपेस्टनें घांसणारांची तर हीच गत: चकाकी येते, पण जुना लेप गेला आणि नवा चढलाच नाहीं. (आमच्या महसूल खात्याच्या भाषेंत, जुनी नोंद कमी केली व नवी घातली नाहीं!) मग कांहीं महिन्यांत दिवा पुन्हा पिवळा पडतो. यास्तव दिवा कोरडा करून, अतिनील किरण अडविणारा पारदर्शक लेप त्याच दिवशीं द्यावा व डब्यावर सांगितलेल्या वेळेपर्यंत त्यास धूळ, पाणी लागूं देऊं नये. पेट्रोल किंवा थिनरनें दिवा कधींही पुसूं नये. या प्लास्टिकास त्यानें बारीक तडे जातात व ते निघत नाहींत.

इतकें करूनही उजेड मंद राहिला, तर आंतील चकचकीत मुलामा जळाला असावा. तेथें घांसकामाचा इलाज नाहीं, दिवाच बदलावा.